डोकं टेकल्याचा डाग

सत्काराची शाल अंगाला चावते. ज्यांचा कधी सत्कार झाला नाही त्यांना हे पटणार नाही, पण माझ्या कपाटात असल्या शालींचा गठ्ठा आहे, तेव्हा मी अधिकारवाणीने सांगू शकते. मरून नाहीतर मोरपिशी रंग, काठाला चकचकीत जर, आणि खांद्यावर घेतली की मानेला खाज. एकदा आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी त्यातल्या दोन देऊ केल्या. "नको ताई, माझ्याच घरात पडल्यात," त्या म्हणाल्या. त्यांच्या वस्तीत महिला दिनाला वाटल्या होत्या म्हणे. कलाक्षेत्रातला माझा मान आणि वस्तीतला त्यांचा मान एकाच घाऊक दुकानातून आला होता तर.

माझ्या शाली आल्या त्या एका सरकारी कलासंग्रहाकडून. त्या संग्रहाचं नाव घेतलं तरी आज माझ्या तोंडाला कडवट चव येते. पण सुरुवातीला तसं नव्हतं, हेही सांगायला हवं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी सांभाळून स्वतःचं काम करायचे. कधीतरी टाउनमधल्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, एखाद्या गॅलरीत चारचौघांबरोबर माझं काम लागायचं, आणि तिथली माणसं "कुठून येता? दहिसर? बाप रे!" म्हणायची. जणू मी सीमा ओलांडून, कागदपत्रं दाखवून आले आहे. त्यामुळे उपनगरांचा स्वतःचा कलासंग्रह करायचा, इथल्या चित्रकारांची आजची कामं जनतेच्या पैशातून विकत घ्यायची आणि इथेच जनतेला फुकट दाखवायची, असं सरकारने ठरवलं तेव्हा मी मनापासून खूश झाले. घाटकोपरच्या माणसाने चित्र बघायला टाउनला का जायचं? मुलुंडच्या मुलीला तिच्या घराजवळ एक चांगलं शिल्प का दिसू नये? मी शाळेच्या स्टाफरूममध्ये हे असं भाषण ठोकलंही होतं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "बघ हं, सरकारी आहे." मला त्यांचा राग आला होता.

माझं जे काम त्यांनी घेतलं ते म्हणजे आमच्या घरातलं पार्टिशन.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळची खोली सोडून दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत आलो. खोली एकच, लांबट. बाबांनी मधोमध फळ्यांचं पार्टिशन घातलं, त्याला पोपटी रंग दिला आणि एका खोलीच्या दोन केल्या. आतल्या बाजूला आईचं स्वयंपाकघर, बाहेरच्या बाजूला बाकी सगळं जग. आई दुपारी काम आटोपलं की त्या पार्टिशनला पाठ लावून खाली बसायची. तांदूळ निवडायची, कुळीथ पाखडायची, नाहीतर नुसतीच डोळे मिटून डोकं टेकायची. बाबा कामावरून आले की बाहेरच्या बाजूने नेमके त्याच फळीला टेकून बसायचे. दोघांची डोकी एकमेकांना लागून, मध्ये बोटभर लाकूड. तसेच बोलायचे. एकमेकांकडे बघून बोललेले मला फारसे आठवत नाहीत.

बाबांना चहा हवा असला की ते बोटाच्या पेराने फळीवर दोनदा ठोकायचे. आतून आईचा आवाज यायचा, "ठेवलंय, ठेवलंय. हात दोनच आसत माका." बहुतेक वेळा चहा खरंच ठेवलेला असायचा.

कोकणातली माणसं, डोक्याला खोबरेल तेल ही चैन नव्हती, सवय होती. वर्षानुवर्षं टेकून टेकून त्या पोपटी रंगावर दोन डाग पडले. काळपट, मधोमध गडद, कडेला विरत गेलेले. आईचा डाग थोडा खाली, बाबांचा थोडा वर. आईला त्या डागांची भयंकर लाज. दर दिवाळीला सोड्याच्या पाण्याने ती ते घासायची, बाबा वरून रंगाचा हात मारायचे, आणि संक्रांतीपर्यंत डाग पुन्हा आपल्या जागी. घासण्यात आणि टेकण्यात त्या दोघांनी आयुष्य घालवलं.

चाळ पाडून टॉवर उठवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी पितळेची भांडी, देव, टीव्ही, कपाटं हलवली. मी ते पार्टिशन उचललं. फळ्या जशा होत्या तशा एका लोखंडी चौकटीत बसवल्या, पायावर उभ्या केल्या, म्हणजे लोकांना दोन्ही बाजूंनी फिरून बघता येईल. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. मी त्यावर ब्रशचा एक फटकारा मारला नाही. आईच्या बाजूला चहाची गाळणी अडकवायचा वाकडा खिळा होता, तोही तसाच ठेवला. "आतली बाजू, बाहेरची बाजू" असं त्याला नाव दिलं. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम आहे, आणि ते माझ्या हातचं नाही.

निवड समितीला ते आवडलं. आईबाबांच्या नव्या फ्लॅटमध्ये ते उभं करायला जागाही नव्हती. त्यांना विचारलं तर बाबा म्हणाले, सरकार सांभाळणार असेल तर देऊन टाक. सरकारवर त्यांचा विश्वास होता. रेशनकार्ड, पेन्शन, पोलिओचा डोस, सगळं सरकारनेच दिलं होतं. आई मात्र माझ्यावर उखडली. "अगो, लोकांक दाखवूक तुका दुसरा काय गावला नाय? माझो मळको डाग चार माणसांत मांडतंस?"

संग्रहाला जागा मिळाली ती बोरिवली पश्चिमेला, एका मंडईच्या वरच्या मजल्यावर. आधी तो लग्नाचा हॉल होता. स्टेजच्या मागे थर्माकोलची सोनेरी कमान तशीच होती, फक्त त्यावर पडदा टाकला होता, आणि पंखा लावला की पडदा उडून कमान दिसायची. खालून कोथिंबिरीचा आणि सुक्या बोंबलाचा वास वर यायचा, त्याचं मला काही नाही, तो वास मला घरचाच आहे. पण जिन्यावरच्या कोपऱ्यात जो वास होता तो घरचा नव्हता. तिथे भिंतीला देवांच्या चित्रांच्या टाइल्स लावल्या होत्या, पान थुंकू नये म्हणून. लोक टाइल्स सोडून शेजारी थुंकत होते.

उद्घाटनाला आई आली. जांभळी इरकल नेसली होती. दारात पुढाऱ्यांच्या फोटोंचा बॅनर कोणत्याही चित्रापेक्षा मोठा होता, आणि आमची नावं त्याच्या तळाशी मुंग्यांसारखी. दीप लावला, भाषणं झाली. मग सामोसे आले, आणि मुलुंडच्या एका शिल्पकाराने ज्या चौथऱ्यावर शिल्प ठेवलं होतं त्यावर पाहुण्यांनी चहाचे कप ठेवले. मी इकडेतिकडे बघत होते तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आई जागेवर नाही. ती पार्टिशनपाशी होती. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं होतं आणि स्वतःचा डाग पुसत होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. "आई, तो पुसायचा नाही, त्याच्यासाठीच त्यांनी घेतलंय!" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरगी वेडी आहे हे तिला आधीपासून माहीत होतं, आज सरकारलाही कळलं.

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. तो हॉल बघून मी हसले तो शेवटचाच दिवस.

नंतर जे होत गेलं ते हळूहळू झालं. आधी हॉलमध्ये साड्यांचा सेल लागला. चित्रं काढावी लागली नाहीत, त्यांच्यावर साड्या टांगल्या. मग योगाचे वर्ग, मग मोफत डोळे तपासणी, त्यात डॉक्टरांचा अक्षरांचा तक्ता एका निसर्गचित्राच्या खिळ्याला. घाटकोपरच्या एका मित्राने नाल्याकाठच्या वस्तीवर व्हिडिओ केला होता, तो दाखवायचा टीव्ही मॅच असली की खालच्या ऑफिसात जायचा. मित्र तक्रार करायला गेला तेव्हा तिथल्या माणसांनी त्याला खुर्ची दिली आणि स्कोअर सांगितला. "वाट लागली यार आपल्या कलेची," तो मला फोनवर म्हणाला, आणि स्वतःच हसला. मला त्याच्या हसण्याचाही राग आला. आम्ही सगळे हसण्यावारी नेत होतो म्हणूनच त्यांचं फावत होतं.

आणि वर दरवर्षी सत्कार. तीच शाल, तोच नारळ, "आपल्या उपनगराचं भूषण". ज्यांनी माझ्या कामावर बांधणीच्या साड्या टांगल्या तेच माझ्या खांद्यावर शाल घालत होते. त्यांना काहीतरी अंगावर घालायची सवयच लागली होती.

मग आई गेली. फार आजारी नव्हती, थोडे दिवस दम लागत होता आणि गेली. बाबा माझ्याकडे राहायला आले. माझ्या घराच्या भिंती गुळगुळीत, फिकट करड्या. बाबा तिथे खुर्चीत ताठ बसायचे. डोकं कशालाच टेकायचे नाहीत. बोलणंही आटलं. एकदा दुपारी मी आत होते आणि बाहेर ठक ठक आवाज झाला. येऊन बघते तर बाबा खुर्चीच्या हातावर बोटाने ठोकत होते. मी विचारलं, "चहा हवाय का?" तर म्हणाले, "नको. असोच."

त्या शनिवारी मी त्यांना रिक्षात घालून बोरिवलीच्या हॉलवर नेलं. तिथली वॉचमनबाई चांगली होती, तिने खुर्ची आणून दिली. बाबांनी ती पार्टिशनच्या आतल्या बाजूला नेली. चाळीत असताना त्या बाजूला ते फारसे बसलेच नव्हते. आईचा डाग त्यांच्या छातीच्या उंचीवर आला. त्यांनी हात लावला नाही, तिथे "हात लावू नये" अशी पाटी होती आणि बाबा पाट्या पाळणारे. ते नुसते वाकून बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "वास येता अजून." मीही वाकले. येत होता. खोबरेल तेलाचा, थोडा खवट झालेला, आईच्या उशीला यायचा तोच.

मग तो आमचा शनिवारचा कार्यक्रमच झाला. शनिवार उजाडला की बाबा माझ्याआधी तयार. "बाय, आज शनवार मा?" तिथून आले की ते दोन घास जास्त जेवायचे, आणि चाळीतल्या कोणाची तरी गोष्ट सांगायचे. त्यांच्या आठवड्यात जगण्यासारखा तेवढाच एक दिवस होता. मी त्या हॉलचा कितीही तिटकारा केला तरी त्यासाठी मी त्याची आभारी होते.

एके दिवशी हॉलला कुलूप. नूतनीकरण चालू आहे, असा कागद. वॉचमनबाई म्हणाली, कुठल्यातरी मोठ्या पाहुण्यांना आणायचं आहे, तोवर बंद. बाबांनी कुलपाकडे बघितलं आणि जिना उतरायला लागले. पुढचे काही महिने ते दर शनिवारी विचारत राहिले, आणि मी "उघडेल हो, बाबा, लवकरच" म्हणत राहिले. घरात ते पुन्हा गप्प झाले. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मला माहीत होतं वय नाही.

अखेर व्हॉट्सअॅपवर आमंत्रण आलं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. नूतन दालनाचं लोकार्पण, कलावंतांचा सत्कार. मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा लेंगा, पांढरा सदरा घातला आणि माझ्यापुढे खाली बसले. "तेल घाल. बरा थापून घाल." मी त्यांच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या केसांत तेल जिरवलं. कपाळावरून ओघळ आला तो त्यांनी हाताने पुसून पुन्हा डोक्यालाच लावला. आईकडे जायचं होतं ना.

हॉल खरंच बदलला होता. एसी, दिवे, पांढऱ्याशुभ्र भिंती, जमिनीवर चकचकीत फरशी. ताज्या रंगाचा वास डोक्यात जात होता. बाबा माझा हात सोडून सरळ पुढे गेले. मी कोणाला तरी नमस्कार करत होते. वळून बघितलं तेव्हा ते एका पांढऱ्या बोर्डासमोर उभे होते. त्याच्याभोवती एक फेरी मारली, पुन्हा पहिल्या बाजूला आले आणि मला हाक मारली. "बाय, ह्यां आपला न्हय. आपला खंय ठेवल्यानी?"

चौकट आमचीच होती. मी आतल्या बाजूला गेले. गाळणीचा वाकडा खिळा होता, तोही पांढरा. आधी पुट्टी भरलेली, त्यावर प्रायमर, त्यावर ऑइलपेंटचे हात, आरशासारखे गुळगुळीत. दोन्ही बाजूंना. चाळीत डाग रंगातून वर यायचा, कारण बाबांचा रंग स्वस्तातला आणि हात घाईचा. इथे डाग वर यायची सोयच ठेवली नव्हती. सरकारी कामात एवढी सफाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझ्या नावाची पितळी पट्टी सुद्धा त्यांनी काढून, रंग सुकल्यावर पुन्हा सरळ रेषेत बसवली होती. "फळ्या, जुना रंग, केसांचं तेल" असं तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि वर शुभ्र पांढरा चौकोन.

मी नाक लावून बघितलं. नुसता रंगाचा वास.

बाबांना सांगावं लागलं. काय सांगणार? म्हटलं, "बाबा, हे आपलंच आहे. त्यांनी रंगवलं." खुर्ची दिसली तिच्यावर बसले. त्यांच्या डोक्यावरचं तेल नव्या दिव्यांत चमकत होतं. ते बघून मला जे वाटलं ते मी आजही शब्दांत पकडू शकत नाही. राग नव्हता तो. राग स्वच्छ असतो. ही किळस होती. उकिरड्यावर पाय पडावा आणि चप्पल काढून टाकावीशी वाटावी, तशी.

संग्रहाचे अधिकारी कुर्ता घालून पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. त्यांना पार्टिशन बघायलाही यावं लागलं नाही, त्यांना माहीत होतं.

"अरे हो मॅडम, ते जरा झालंय. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं होतं हॉलमधलं जे काय मळलंय ते सगळं चकाचक पाहिजे. त्याला वाटलं साधं पार्टिशन आहे, तेलकट डाग पडलेत. तुम्हीच सांगा, आपल्या घरात असते तर आपण ठेवले असते का?"

"ते डाग म्हणजेच काम होतं."

"कळतंय ना मला. पण आता पाहुणे येतायत, टेन्शन घेऊ नका. नंतर तुम्ही टच-अप करून द्या ना. तुम्हीच आर्टिस्ट. दोन डागच तर पाडायचेत, थोडं तेल घ्या, थोडा काळा रंग. आधीपेक्षा झकास होईल."

मी म्हटलं, "माझी आई मेली आहे."

"ओह, सॉरी," ते म्हणाले, आणि जिन्यावर गडबड ऐकू आली तसे पळाले.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मला टोचत राहिला. आपल्या घरात असते तर आपण ठेवले असते का? नसतेच ठेवले. आईने घासलेच होते. पदर ओला करून पुसलेच होते. पण आई तिचं घर घासत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच टेकायला.

पाहुणे आले. टाउनमधले नावाजलेले कलातज्ज्ञ, खादीचं जाकीट, गळ्यात चष्मा. अधिकारी त्यांना एकेका कामापुढून फिरवत होते आणि मागे आम्ही सगळे, वरातीसारखे. पार्टिशनपुढे ते थांबले. पट्टी वाचली. पांढऱ्या चौकोनाकडे मान कलती करून बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "इथे चित्रकर्तीने आपल्याला काहीही दिलेलं नाही. केसांचं तेल असं ती म्हणते, आणि दाखवत काहीच नाही. हे मौन आहे. घरातल्या स्त्रीचं मौन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाटकोपरच्या मित्राने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी म्हटलं, "सर, मौन नाही. ऑइलपेंट आहे. नूतनीकरणात कॉन्ट्रॅक्टरने मारलाय."

मग तज्ज्ञ हसले, अगदी प्रेमाने. "वा! म्हणजे व्यवस्थेनेही या कामात भर घातली. हे तर अधिकच अर्थपूर्ण झालं."

सामोशांच्या तळणीचा वास खालून येत होता, रंगाचा वास वरून येत होता, आणि मध्ये हा माणूस माझ्या आईच्या पुसलेल्या डोक्यावर उभा राहून अर्थ काढत होता. अडाणी कॉन्ट्रॅक्टर परवडला. त्याने निदान डागाला डाग म्हटलं होतं.

मला ओढून स्टेजवर नेलं. सत्कार सुरू झाले होते, माझं नाव पुकारलं गेलं होतं, आणि फोटोग्राफर "मॅडम, इकडे बघा" म्हणत होता. मी का गेले? पाय हलतात तसे हलले. मोरपिशी शाल खांद्यावर पडली. मान खाजली. आणि त्याच वेळी हॉलच्या मागच्या बाजूने आवाज आला.

ठक. ठक.

मी बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी. मी नारळ तिथेच कोणाच्या तरी हातात कोंबला आणि मागे धावले. बाबा पार्टिशनच्या बाहेरच्या बाजूला, त्यांच्या बाजूला, खाली फरशीवर बसले होते. पाय लांब सोडलेले, पाठ फळीला, आणि तेलाने माखलेलं डोकं त्या पांढऱ्या रंगावर टेकलेलं. डोळे मिटलेले. "हात लावू नये" ही पाटी त्यांच्या कानाशी होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाटी मोडली होती.

अधिकारी माझ्या मागोमाग आले होते. "आजोबा, उठा, उठा! ते आर्टवर्क आहे, टेकायचं नाही. नवीन रंग आहे, डाग पडेल!"

बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, "पडांदे."

"मॅडम, सांगा ना त्यांना. पाहुणे बघतायत."

मी खांद्यावरची शाल काढली, तिची घडी केली आणि बाबांना जरा पुढे वाकवून त्यांच्या खाली सरकवली. फरशी गार होती आणि त्यांना गुडघेदुखी आहे. त्या शालीचा आजवर कोणाला झालेला एवढाच उपयोग. पाहुणे स्टेजवरून बघत होते. बघू दे. त्यांनी काढला असेल काहीतरी अर्थ.

मग मी वळसा घालून आतल्या बाजूला गेले आणि खाली बसले. चांगली साडी होती, चुरगळली. फळीला पाठ लावली, डोकं टेकलं. रंग गुळगुळीत आणि थंड होता, डोक्याखाली काहीच ओळखीचं लागेना. पलीकडून पुन्हा ठोकल्याचा आवाज आला, दोनदा, माझ्या कवटीत घुमला. शेवटी मी म्हटलं, "ठेवलंय, ठेवलंय." पुढचं, हात दोनच आहेत ते, मला म्हणवेना.

पलीकडे बाबा रडत होते की नाही ते मला दिसलं नाही. आमच्या घरात ते कधीच दिसत नसे, पार्टिशन त्यासाठीच होतं.

टच-अप मी करून दिलं नाही. अधिकाऱ्यांचे दोनचार फोन आले, मग थांबले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं आहे. संग्रहाच्या माहितीत ते काम अजून "फळ्या, जुना रंग, केसांचं तेल" असंच आहे. मी वर्षानुवर्षं शाम्पू लावणारी बाई. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून खोबरेल तेलाची बाटली आणली. आता दर शनिवारी आम्ही दोघं डोक्याला चपचपीत तेल थापून रिक्षाने बोरिवलीला जातो. रिक्षावाले आरशातून बघतात. वॉचमनबाई आम्हाला बघितलं की गेटपाशी जाऊन पाठ करून उभी राहते. जनतेच्या पैशातून घेतलेलं काम आम्ही जनतेसाठी पुन्हा करून देतोय.

बाबांच्या बाजूला आता एक मळकट पिवळा गोल दिसायला लागला आहे. माझ्या बाजूला अजून काही नाही. आईपेक्षा मी उंच आहे, तिचं डोकं लागायचं त्यापेक्षा माझं चार बोटं वर लागतं. म्हणून मी जरा खाली घसरून बसते.